ड्यूक नोर्विलसचे मधसोयरे

गिरेनाचा ड्यूक नोर्विलस याच्या कारकिर्दीत विशेष काही घडलं नाही. गिरेनाच्या लोकांच्या मते हे फार मोठं कर्तृत्व होतं. शेजारपाजारच्या ड्यूकांच्या कारकिर्दीत इतकं काही घडत होतं, की त्यांच्या प्रजेला भाकरीपुरती राय पेरायलाही सवड मिळत नसे.

तो गादीवर आला तो एका रानडुकराच्या कृपेनं. डुकरानं त्याच्या थोरल्या भावाला शिकारीत आडवं केलं. डुकराला राजकारण कळत नव्हतं, नाहीतर त्यानं धाकट्याला गाठलं असतं, असं तेव्हाचे म्हातारे म्हणत. धाकटा त्या वेळी झाडावर होता. उंच ओकच्या ढोलीत हात घालून तो मधमाश्यांशी काहीतरी बोलत होता. बातमी त्याला खालून ओरडून सांगावी लागली.

"थोरले गेले!"

"कुठे गेले?" वरून आवाज आला.

"वारले!"

ढोलीतून हात बाहेर आला. मग त्यानं विचारलं, "मग आता ड्यूक कोण?"

खालच्या सरदारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला सगळ्यांत वयस्कर म्हणाला, "तुम्ही आधी खाली उतरा. घाई नाही. सावकाश उतरा."

तर असा तो उतरला आणि राज्य करू लागला. हिवाळ्यात दलदल गोठली की पश्चिमेकडून पांढऱ्या झग्यातले जर्मन क्रूसवाले यायचे, टेकडीवरचा लाकडी किल्ला जाळायचे आणि आपला देव किती दयाळू आहे हे सांगून परत जायचे. गिरेनाचे लोक त्याआधीच किल्ल्याचं मोठं दार बिजागऱ्यांसकट काढून जंगलात नेत. भिंती काय, पुन्हा उभ्या राहतात. चांगलं दार करायला वेळ लागतो. ही सुधारणा नोर्विलसची. त्याच्या बापानं प्रत्येक वेळी दारही जाळू दिलं होतं आणि त्याला शूर म्हणत.

लग्न त्यानं स्कैस्तेशी केलं. ती त्याच्यापेक्षा वयानं थोडी मोठी, उंचीनं बरीच मोठी आणि अकलेनं किती मोठी, हे त्यानं कधी मोजायचा प्रयत्न केला नाही. त्यांना एकच मूल जगलं. मिंगाइले. मुलगी चार वर्षांची असल्यापासून बापाच्या पाठीला दोरानं बांधून घेऊन झाडावर चढायची. तिसऱ्या फांदीवर दोघं बसायची आणि पोळ्याचा तुकडा चघळत खाली चाललेला राज्यकारभार पाहायची. स्कैस्ते खालून म्हणायची, "ड्यूकसाहेबांना वेळ झाला असेल तर दोन गावं तुमची वाट बघतायत." वरून मेण थुंकल्याचा आवाज यायचा. आधी मोठा, मग छोटा.

आता मधमाशीबद्दल एक गोष्ट. त्या मुलखात गाय मरते, घोडा मरतो, शत्रू तर हटकून मरतो. पण मधमाशी मेली असं कुणी म्हणत नाही. मधमाशी वारते. माणसाचा शब्द तिला लावतात. तिला विकत नाहीत, विकत घेत नाहीत. आपलं मोहोळ उठून दुसऱ्याच्या झाडात जाऊन बसलं, तर भांडत नाहीत. ज्याचं मोहोळ आणि ज्याचं झाड, ती दोन्ही घरं त्या क्षणापासून एकमेकांची मधसोयरी होतात. मग त्यांनी मध वाटून घ्यायचा, लग्नाकार्यात एकमेकांना पहिल्या बाकावर बसवायचं आणि एकमेकांवर हात उचलायचा नाही. रक्ताची नाती माणसं जोडतात म्हणून तुटतात, ही माश्यांनी जोडलेली असतात, असं तिथे म्हणतात.

नदीपलीकडच्या पालाउकेचा ड्यूक ऐगिर्दस याच्याशी मात्र नोर्विलसचं कसलंच नातं नव्हतं. एके काळी दोघं एकत्र अस्वलाच्या शिकारीला जात. मग एका मेजवानीत ऐगिर्दसनं नोर्विलसच्या घरची मधाची दारू तोंडात घेतली, जरा विचार केला आणि म्हणाला, "हिच्यातून घोडा गेलाय." त्यावरून लढाई जुंपली ती सात उन्हाळे झाले तरी चालूच होती. दोन्हीकडचे लोक राउदा नदी उतरून एकमेकांची डुकरं पळवत. काही डुकरं इतक्या वेळा पळवली गेली की त्यांना नदीचा उतार पाठ झाला होता.

आणि नेमक्या या दिवसांत मिंगाइले वयात आली.

मध्य उन्हाळ्याच्या सणाला तिथली तरुण मुलं-मुली नेच्याचं फूल शोधायला जंगलात जातात. नेच्याला फूल येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आईबापांना तर नक्कीच, कारण तेही शोधायला गेलेले असतात. सकाळी दवात पाय भिजवून सगळे परत येतात. त्या वर्षी मिंगाइले परत आली नाही. दुपारी नावाडी किर्शिस निरोप घेऊन आला. ती राउदापलीकडे होती. ऐगिर्दसचा मुलगा बुत्रिमस, त्याच्याशी तिनं लग्न केलं होतं.

नोर्विलसनं तिथल्या तिथे सगळ्यांना ओकखाली बोलावलं. पुजारी कांतौतसला मशाल पेटवायला लावली आणि आगीवर हात धरून शपथ घेतली. "आजपासून मला मुलगी नाही. कुणी म्हणालं आहे, तर तिनं माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ नये, मी तिच्या उंबऱ्याच्या आत जाणार नाही, आणि बाप म्हणून तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. मरेपर्यंत."

आयुष्यात पहिल्यांदाच तो ड्यूकसारखा बोलला होता. चुकीच्या दिवशी.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. वाढपी बाईनं सवयीनं तिसरा लाकडी चमचा ठेवला आणि कुणी काही बोलायच्या आत उचलून पदराखाली नेला. नोर्विलस त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. पण साध्या माणसाची शपथ मोडली तर त्याची जीभ सुजते. ड्यूकची मोडली तर कोंब वर येताना राय गोठते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोर्विलसच्या चुलत आजोबांनी एका घोड्यावरून घेतलेली शपथ मोडली होती, तर त्या वर्षी लोकांनी झाडाची साल दळून खाल्ली. एका म्हाताऱ्याला मुलीची आठवण येते म्हणून गिरेनानं साल खावी, हे नोर्विलसच्या मनाला पटेना.

स्कैस्ते त्या दिवसापासून त्याला एका शब्दानं काही बोलली नाही. मीठ मात्र बेतानं घालू लागली.

मग नोर्विलसला नदीकाठी फिरायची सवय लागली. किर्शिस नावाडी दोन्ही काठांना मीठ आणि खारवलेली हेरिंग मासळी पुरवायचा, म्हणून त्याला कुणी अडवत नसे. नोर्विलस त्याला विचारायचा, "काय किर्शिस, तिकडची हवा कशी आहे?"

पहिल्यांदा किर्शिस म्हणाला, "इकडच्यासारखीच की. नदीच्या दोन काठांना काय वेगळी हवा असते?"

"नीट बघत जा," ड्यूक म्हणाला आणि निघून गेला.

किर्शिसनं नावेत बसून विचार केला. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "हवा बरी आहे, मालक. मध्यंतरी हवेला सर्दी झाली होती. पण नवरा चांगला आहे हवेचा. दूध गरम करून देतो."

"असं का," ड्यूक म्हणाला. "उन्हाळा आहे तरी सर्दी."

"हवाच ती."

एका वसंतात किर्शिस नाव लावायच्या आधीच पाण्यातून ओरडला, "मालक, तिकडच्या हवेला मुलगी झाली!"

काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. नोर्विलसनं घरी जाऊन धुरावलेल्या डुकराची अख्खी मांडी आणून किर्शिसच्या नावेत ठेवली. हवापाण्याच्या बातमीला एवढं इनाम त्या मुलखात कुणाला मिळालं नव्हतं.

नात पाच वर्षांची झाली त्या हिवाळ्यात नोर्विलसची छाती कफानं भरली. दोन महिने तो चुलीपाशी घोंगड्यांत पडून होता. तिकडे घरोघरी पाळतात तसला खोलीतला साप दुधाची वाटी सोडून त्याच्या पायाशी येऊन झोपायचा, आणि हे काही चांगलं लक्षण मानत नाहीत. कांतौतसनं राख फुंकून पाहिली.

"पुढची राय पाहाल," पुजारी म्हणाला.

"आणि त्याच्या पुढची?"

"तुम्ही पुढची तर पाहा आधी."

पुजारी गेल्यावर स्कैस्तेनं त्याच्या पाठीला अस्वलाची चरबी चोळायला घेतली. तो भिंतीकडे तोंड करून होता. मग म्हणाला, "स्कैस्ते, मरेपर्यंत असं मी उगाच म्हणालो. एखादं वर्ष म्हटलं असतं तरी लोकांना पुरलं असतं."

"पुरलं असतं," ती म्हणाली.

"मला ती एकदा बघायची आहे."

ती नुसती चोळत राहिली. हात मात्र हलका झाला.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो काठी टेकत बाहेर पडू लागला. झाडावर चढायला त्याला स्कैस्तेनं बंदी केली होती आणि चढायचा दोर स्वतःच्या पेटीत ठेवला होता. म्हणून तो आईकडून वारशानं आलेल्या ओकखाली बाकावर बसून वर पाहायचा. एका दिवशी ऊन तापलेलं असताना ढोलीच्या तोंडाशी काळं काहीतरी ओघळू लागलं. गुणगुण वाढत गेली, आणि बघता बघता मोहोळ उठलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं मोहोळ. धुरासारखं वर चढलं, एकदा ओकभोवती फिरलं आणि निघालं.

"पातेलं!" नोर्विलस ओरडला.

स्कैस्तेनं स्वयंपाकघराच्या दारातून तांब्याचं पातेलं आणि पळी त्याच्याकडे भिरकावली. आत शिजत असलेलं बीटचं कालवण तिनं आधी कुठे ओतलं, हे नंतर पाय घसरून पडलेल्या कोठीवाल्याला कळलं.

उठलेल्या मोहोळामागे धावायचे नियम त्या मुलखात सगळ्यांना पाठ असतात. तांबं बडवत राहायचं, म्हणजे माश्यांना वाटतं वर गडगडतंय आणि त्या लवकर बसतात. नजर काढायची नाही. नजर हटली की मोहोळ तुमचं राहिलं नाही. अंगावर हत्यार ठेवायचं नाही. आणि मोहोळामागे धावणाऱ्याला कुणीही, कुठेही अडवायचं नाही. कुंपण मोडलं तरी नाही, पीक तुडवलं तरी नाही.

दोन महिने अंथरुणाला खिळलेला ड्यूक पातेलं बडवत धावत सुटला. त्याच्या मागे अर्धा किल्ला. शेतं ओलांडली, कुरण ओलांडलं, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या तागाच्या चादरी ओलांडताना एक त्याच्या खांद्याला अडकली ती तशीच राहिली. मोहोळ समोर आणि वर, आणि ते सरळ राउदाकडे निघालं होतं.

काठाशी त्याचे शिपाई थबकले. पलीकडे पाय टाकणं म्हणजे लढाई.

"मालक, नदी!" कुणीतरी ओरडलं.

पुढे कैक वर्षं गिरेनात असं सांगत की ड्यूकाला नदी दिसलीच नाही, त्याचा जीव माश्यांत होता. खुद्द नोर्विलसही तसंच सांगे. खरं तर गार पाणी बुटात शिरलं तेव्हाच त्याला नदी नीट कळली होती. जन्मभर ज्या पाण्याकाठी राहिलो ते पायाला ओळखू येत नाही, असं होत नाही. मागे फिरायला एक क्षण होता, आणि त्या क्षणी खाली पाहायचं नाही एवढंच त्यानं ठरवलं. पाणी गुडघ्याला आलं. कमरेला आलं. छातीला आलं तेव्हा त्यानं पातेलं डोक्यावर धरलं आणि वरच्या वर बडवत राहिला. दुखणाईत छातीनं शिट्टीसारखा आवाज काढला. तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

पलीकडच्या काठावर ऐगिर्दसच्या पहारेकऱ्यांनी धनुष्यं ओढली. त्यांना नदीतून एक चादर गुंडाळलेलं, भांडं बडवणारं काहीतरी येताना दिसलं. त्यांतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं वर पाहिलं, माश्या पाहिल्या आणि धनुष्य खाली घेतलं.

"अरे, हा गिरेनाचा ड्यूक," तरुण पहारेकरी म्हणाला. "मारू का?"

"मोहोळामागच्या माणसाला मारतोस? कुणाच्या पोटचा रे तू?" म्हाताऱ्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि भाल्याच्या दांड्यानं बडवायला सुरुवात केली. "बघतोस काय? वाजव."

अशा रीतीनं पालाउकेची सरहद्द त्या दिवशी वाजतगाजत ओलांडली गेली.

मोहोळ आता खाली आलं होतं. एका घराच्या अंगणात जुनं लिंडनचं झाड होतं, त्याच्या ढोलीभोवती ते घोटाळलं, आणि वाटीत दूध ओतावं तसं आत गेलं. नोर्विलस झाडाशी पोचला, खोडाला टेकला आणि खाली बसला. खाली बसल्यावर त्याला खोडावर कोरलेली खूण दिसली. झाड कुणाचं ते कळावं म्हणून तिथे अशी खूण करतात. त्याच्या स्वतःच्या घराण्याची खूण बगळ्याच्या पायाची, तीन रेघांची. ही पण तीच होती. फक्त एक रेघ जास्त.

दार उघडलं. हाताला रायचं पीठ लागलेली मिंगाइले उंबऱ्याच्या आत उभी होती. थोडी जाड झाली होती. तिच्यामागून एक लहान मुलगी वाकून पाहत होती.

झाडात मोहोळ गुणगुणत होतं.

नोर्विलसच्या अंगातून राउदा ठिबकत होती. तो एकदा उंबऱ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला. बाप म्हणून एक शब्द नाही. मग त्यानं घसा साफ केला आणि टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखा हात केला.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "हे झाड तुमचं का?"

मिंगाइलेनं पिठाचे हात एकमेकांवर झटकले. खूप सावकाश.

"माझं आहे," ती म्हणाली. "लग्नात मिळालं. आणि माश्या?"

"माश्या माझ्या."

"म्हणजे आपण मधसोयरे झालो."

"झालो असं दिसतं."

ती उंबऱ्याबाहेर आली. रायचा पाव, खारं लोणी आणि दारूचा एकच पेला घेऊन. नवे मधसोयरे एकाच पेल्यातून पितात, झाडाखाली. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं पेला त्याच्या हातात देऊन आपलाही हात त्याखाली ठेवला.

"दुरून आलात, सोयरे?"

"नाही, इथलाच. नदीपलीकडचा."

"मग तुम्हाला आमचे वडील ठाऊक असतील," मिंगाइले झाडाकडे बघत म्हणाली. "कसे आहेत?"

नोर्विलसनं पावाचा तुकडा मोडला. "त्या माणसाचं नाव काढू नका, सोयरेबाई. हट्टी म्हातारा. आजारी होता हिवाळ्यात."

"काय झालं होतं?"

"छाती. आता बरा आहे. जरा भिजलाय."

"झाडावर चढतात का अजून?"

"बायको चढू देत नाही. दोर लपवून ठेवलाय."

"बरं केलं तिनं." मिंगाइलेनं मनगटानं नाक पुसलं. नाकाला पीठ लागलं. "त्यांना माझी आठवण येते का हो, सोयरे?"

"ते मी कसं सांगू?" नोर्विलस म्हणाला. "शपथेचा माणूस तो. पण त्याच्या नावाड्याला विचारा. हवेची चौकशी करून करून नावाड्याचं डोकं खाल्लंय त्यानं."

ती हसली, आणि मग तिला हसता येईना. नोर्विलसनं खांद्यावरची कुणाची कोण जाणे ती ओली चादर काढून तिच्याकडे सरकवली. मधसोयऱ्यानं मधसोयरीला चादर द्यायला कुठल्याही शपथेची आडकाठी नव्हती.

एवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. ऐगिर्दस आला. तोही म्हातारा झाला होता. पोट पुढे आणि मिशी खाली. त्याच्यामागे दहा-बारा स्वार.

"नोर्विलस," तो म्हणाला. "माझ्या सुनेच्या अंगणात भिजून काय बसलायस, बेडका?"

"मधसोयरा म्हणून बसलोय. वर बघ."

ऐगिर्दसनं वर पाहिलं. ढोलीच्या तोंडाशी पंख हलवत माश्या उभ्या होत्या, जुन्या भाडेकरूंसारख्या. त्यानं घोड्यावरच बसून थोडा वेळ विचार केला.

"ती माझ्या घरातली," तो म्हणाला. "म्हणजे मीही तुझा सोयरा."

"लागतोस."

"तुझ्याशी लढता येणार नाही मला?"

"नाही."

"अरे, पण पुढच्या पौर्णिमेला मी..." ऐगिर्दस थांबला. मागच्या स्वारांनी आकाशाकडे पाहिलं. "जाऊ दे. डुकरांपुरतं होतं." मग तो कण्हत घोड्यावरून उतरला, झाडाखाली बसला आणि पेला उचलून एक घोट घेतला. "ही आमची दारू आहे. हिच्यातून घोडा गेलेला नाही."

"गेला असता तर चव आली असती," नोर्विलस म्हणाला.

मध काढायचा तो उन्हाळा सरताना. तोपर्यंत गिरेनात चर्चेला दुसरा विषय नव्हता. मधाचा वाटा घेऊन मधसोयऱ्याला स्वतः यावं लागतं आणि त्याला पहिल्या बाकावर बसवावं लागतं. पण मिंगाइले आत आली तर शपथ मोडते, आणि पेरलेली राय गोठते. लोक दोन-चार जण जमले की हेच. शेवटी नोर्विलसनं पुजारी कांतौतसला बोलावलं आणि ओकखाली सगळ्यांसमोर विचारलं.

"मला मुलगी नाही, अशी मी शपथ घेतली. बरोबर?"

"बरोबर. आगीवर हात धरून."

"मग जी बाई मध घेऊन येणार आहे, ती माझी मुलगी कशी असेल? ती मुलगी आहे असं म्हटलं तर माझी शपथ खोटी ठरेल. तू ड्यूकला खोटा म्हणतोस?"

कांतौतसनं दाढी कुरवाळली. तो हुशार पुजारी होता. राख फुंकताना ती आपल्या डोळ्यात जाणार नाही अशा बाजूला नेहमी उभा राहायचा. "नाही म्हणत," तो म्हणाला. "ती मधसोयरी. मधसोयरीबद्दल आगीनं काही ऐकलेलं नाही. मात्र मालक, तिला मुलगी म्हणायचं नाही. मरेपर्यंत."

"नाही म्हणणार."

"आणि बाप म्हणून एक शब्द नाही."

"नाही."

लोकांना ते पटलं. काहींना पटलं नाही, पण त्यांना मध आवडायचा.

ठरल्या दिवशी किर्शिसच्या नावेतून मिंगाइले आली. हातात झाकलेली मधाची घागर, बरोबर तिची मुलगी. सगळे सरदार आवरूनसावरून उभे. नोर्विलस दाराशी, नव्या अंगरख्यात. तेच दार, प्रत्येक आगीतून वाचवलेलं. त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"या, सोयरेबाई. आमच्या उंबऱ्याच्या आत या."

मिंगाइलेनं उंबरा ओलांडला. आत स्कैस्ते उभी होती. तिनंही दोन शब्द म्हणायचे, असं ठरलं होतं. ती पुढे झाली, मुलीच्या हातातली घागर काढून तिनं कुणाच्या तरी हातात कोंबली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

"काय गं मिंगे, केस पांढरे करून घेतलेस इतक्यात?"

"आई," मिंगाइले म्हणाली.

पुजाऱ्यानं घाईघाईनं पेल्यात डोकं घातलं, म्हणजे आपण काही ऐकलं नाही. नोर्विलसचा चेहरा पांढरा पडला. त्याला शेतातली राय दिसू लागली.

"स्कैस्ते," तो कुजबुजला. "शपथ. सोयरेबाई म्हण."

"शपथ तू घेतलीस," स्कैस्ते मान न वळवता म्हणाली. "मला कुणी विचारलंही नव्हतं. मी त्या दिवशी चीज पिळत होते."

नोर्विलसचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं हा मुद्दा त्याच्या, पुजाऱ्याच्या किंवा एकाही सरदाराच्या डोक्यात आला नव्हता. आग, हात, शब्द, सगळं तपासून झालं होतं.

"म्हणजे तुला जाता येत होतं?" तो म्हणाला. "केव्हाही? किर्शिसच्या नावेतून?"

"येत होतं."

"मग गेली का नाहीस?"

स्कैस्तेनं मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मी जाऊन तिला बघून आले असते," ती म्हणाली, "आणि तू इथे एकटाच तिला न बघता राहिला असतास. ते बरं दिसलं नसतं."

नोर्विलसला चुलीकडे जाऊन लाकडं सारखी करावीशी वाटली, आणि ती आधीच सारखी होती तरी त्यानं केली. पाठमोऱ्या ड्यूककडे सगळे सरदार अदबीनं न पाहता उभे राहिले.

मग सगळे बसले. पहिल्या बाकावर मधसोयरी. समोर भाजलेला हंस, सलगम, हेरिंग, आणि लाकडाचे चमचे. मिंगाइलेनं आईला सगळं सांगायला सुरुवात केली होती, सासरा कसा घोरतो इथपासून. नोर्विलस ऐकत होता. मध्ये मध्ये म्हणत होता, "घ्या ना सोयरेबाई, हंस घ्या." तिचा आवडता तुकडा, मानेचा, तो न विचारता तिच्या ताटात पडत होता.

लहान मुलगी बाकावरून उतरली, टेबलाखालून रांगत आली आणि त्याच्या गुडघ्याशी उभी राहिली. तिचं नाव गिंते. तिनं त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"तुम्ही माझे कोण?" तिनं विचारलं.

नोर्विलसनं कांतौतसकडे पाहिलं. पुजारी ओठ हलवत शपथ पहिल्या शब्दापासून मनात म्हणून पाहत होता. शेवटपर्यंत गेला. मग त्यानं खांदे उडवले.

"नातीबद्दल त्यात काही नाही, मालक," तो म्हणाला. "तेव्हा ती नव्हतीच."

नोर्विलसनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं. छाती जरा वाजली.

"आजोबा," तो म्हणाला. "मी तुझा आजोबा."

"मग आईला बाई का म्हणता?"

"मूर्ख आहे म्हणून."

गिंतेला हे कारण पुरेसं वाटलं. तिनं त्याच्या ताटातला मधाच्या पोळ्याचा तुकडा उचलून तोंडात घातला आणि चघळू लागली. नोर्विलसनंही एक घेतला. टेबलापलीकडून मिंगाइले दोघांकडे पाहत होती.

"सोयरे," ती म्हणाली, "मेण गिळू देऊ नका तिला."

"नाही देत, सोयरेबाई," ड्यूक म्हणाला, आणि नातीच्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरून वाट पाहत बसला.